काँग्रेस, बेशरम आणि साइडपट्टी

पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या आम्हा मराठवाड्यातल्या पोरापोरींचं गावी जाण्याचं कॅलेंडर ठरलेलं असतं. दिवाळी, उन्हाळ्यातली लग्नं आणि सुट्टी मिळालीच तर महालक्ष्म्या. त्यातही प्रवास रात्रीचा. स्लीपर कोचमध्ये कानात हेडफोन घालून झोपायचं आणि डोळे उघडले की नांदेड. त्यामुळे भर पावसाळ्यात आपल्या गावाचा रस्ता कसा दिसतो, हे आपल्याला धड माहीतच नसतं.

मी पडले फ्रीलान्सर. लॅपटॉप आणि रेंज असली की काम कुठूनही चालतं (रेंज असली की, हे महत्त्वाचं!). म्हणून गेल्या पावसाळ्यात चांगले तीन आठवडे हिमायतनगरला तळ ठोकला. ज्यांना हे गाव माहीत नाही त्यांच्यासाठी : नांदेड जिल्ह्यातला हा तालुका पैनगंगेच्या अलीकडे आहे. नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा, म्हणजे थेट विदर्भ. गावाचं जुनं नाव वाढोणा. परमेश्वराचं मंदिर आणि महाशिवरात्रीची यात्रा ही पंचक्रोशीतली ओळख. भोकरकडून येणारा रस्ता इथूनच पुढे किनवटकडे जातो. बाकी काळी जमीन, सोयाबीन, कापूस, तूर आणि हळद.

तर याच रस्त्यावर रोज सकाळी वॉकला जायचे. डांबर संपलं की साइडपट्टी, साइडपट्टी संपली की नाली, नाली संपली की कुणाचं तरी शेत. आणि या सगळ्यावर दोन्ही बाजूंनी कमरेएवढी हिरवी भिंत. पुण्याहून आलेली एखादी मैत्रीण असती तर गाडी थांबवून म्हणाली असती, वॉव, किती ग्रीन आहे ना! फोटो काढला असता आणि स्टेटसला टाकलाही असता.

पण फोटोत जे हिरवं दिसतं ना, त्यातलं निम्मं अधिक आपलं नाहीच. ते कुठून आलं, का वाढलं, आणि ते काढायचं म्हणून आपण जे करतो त्याने ते आणखी का वाढतं, हा या आठवड्याचा विषय. विषय गवताचा आहे म्हणून पान उलटू नका. यात इमिग्रेशन आहे, पॉलिटिक्स आहे, थोडं विष आहे आणि एक डेडलाइनही आहे.

चटक चांदणीचा बायोडेटा

गाजरासारखी कातरलेली पानं, वर पांढऱ्या ठिपक्यांसारखी बारीक फुलं. हे गाजरगवत. याला चटक चांदणी असंही एक झकास नाव आहे, पण सगळ्यांच्या तोंडी बसलेलं नाव म्हणजे काँग्रेस गवत. पांढरं फूल म्हणजे गांधी टोपी, असं कुणी सांगतं. कुणी म्हणतं, काँग्रेसच्या राज्यात अमेरिकेचा गहू आला, त्यातून हे आलं, म्हणून काँग्रेस.

गव्हाची ही गोष्ट लहानपणापासून आपण ऐकत आलोय. तारखा मात्र जरा बघण्यासारख्या आहेत. पीएल ४८० कायद्याखाली भारताचा अमेरिकेशी पहिला करार झाला तो १९५६ च्या ऑगस्टमध्ये. आणि हे झाड पुण्यात त्याच्या आधीच उगवलेलं होतं. भारतातली नवी नोंद म्हणून त्याच्यावर शास्त्रीय टिपण छापून आलं तेही १९५६ मध्येच. म्हणजे पीएल ४८०चा गहू बंदरात उतरायच्या आधी पाहुणा घरात हजर! अर्थात अमेरिकेने १९५१ मध्येही भारताला धान्य कर्जाने दिलं होतं, तेव्हा धान्यातून आलं या संशयाला जागा आहेच. पण बिचाऱ्या पीएल ४८०वर सगळं खापर फोडणं काही बरोबर नाही.

खरी कमाल आहे ती त्याच्या पसरण्याची. एका झाडाला दहा हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत बिया येऊ शकतात. बी इतकं हलकं की वारा नेतो, पाणी नेतं, आणि सगळ्यात जास्त आपण नेतो. टायरला चिकटलेल्या चिखलातून, मुरमाच्या हायवामधून, जनावरांच्या चाऱ्यातून. रुंदीकरणासाठी रस्त्याची कड उकरली, कुठून तरी आणलेला मुरूम टाकला, की त्या उघड्या जमिनीवर सगळ्यात आधी हजर होतं ते गाजरगवत. आपल्याला वाटतं की रस्त्याकडेला गवत वाढतं. खरं म्हणजे रस्ता हा त्या गवताचाच हायवे आहे.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. ऑस्ट्रेलियात हेच गवत टेक्सासहून आणलेल्या कुरणाच्या बियाण्यातून गेलं आणि क्वीन्सलँडमधल्या कुरणांची त्याने वाट लावली. तिथे आता गाड्या आणि शेतीची यंत्रं धुण्यासाठी खास वॉशडाउनची केंद्रं आहेत. एका भागातून दुसऱ्या भागात बी जाऊ नये म्हणून गाडी धुवायची! आपल्याकडे गाडी धुतो ती दसऱ्याला.

मामाच्या फुल बाह्या

गाजरगवत दिसायला वाईट म्हणून त्याचा राग करायचा असं नाही. त्याच्यात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. त्याने काही लोकांच्या त्वचेला ॲलर्जी होते. परागाने सर्दी, शिंका, दम्याचा त्रास होतो. एकदा ॲलर्जी जडली की ती सहसा पाठ सोडत नाही, कारण गवतही पाठ सोडत नाही.

माझ्या मामाला हा त्रास आहे. ऐन पावसाळ्यात मान, कोपरांच्या खोबणी आणि पापण्या लाल होतात, खाजवून खाजवून कातडी जाड आणि काळसर झालीय. ऊन लागलं की आणखी वाढतं. पन्नाशीचा माणूस, हाडाचा शेतकरी. पण सोयाबीनच्या खुरपणीच्या दिवसांत भर उकाड्यात फुल बाह्यांचा शर्ट घालून, तोंडाला उपरणं गुंडाळून ओट्यावर बसलेला असतो. स्वतःचं शेत त्याने तणमुक्त ठेवलंय. पण त्याच्या शेताला लागून रस्ता आहे. आणि रस्त्याची कड कुणाची?

हा प्रश्न मी तीन आठवडे बऱ्याच जणांना विचारला. शेतकरी म्हणतो, ती सरकारची. ग्रामपंचायत म्हणते, गावठाणाबाहेरचं आमच्याकडे नाही. रस्त्याचं काम बघणारे म्हणतात, आमचं काम डांबराचं. म्हणजे जी जागा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे, तीच कुणाची नाही.

वेडी आणि बेशरम

गाजरगवताचे दोन तगडे पार्टनर आहेत. पहिली वेडी बाभूळ. हीसुद्धा मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांच्या काळात भारतात आणली, उजाड जमिनीवर हिरवळ आणि सरपण मिळावं म्हणून. सरपण मिळालं, नाही असं नाही. गावाकडच्या कितीतरी चुली आणि कोळशाच्या भट्ट्या हिच्यावर पेटल्यात. पण शेंगा शेळ्यांनी खायच्या आणि लेंड्यांतून बी गावभर पेरायचं, अशी हिची डिस्ट्रिब्युशन सिस्टीम असल्यावर हिला कोण थांबवणार?

वळणावर ही वाढली की समोरचं काही दिसत नाही. माझा मावसभाऊ बाइकवरून जात होता. आडरस्त्यावरून ट्रॅक्टर मुख्य रस्त्याला लागला. दोघांच्या मधे बाभळीचं बेट. दोघांनाही एकमेक दिसले ते दहा फुटांवर. गळपट्टीच्या हाडावर निभावलं म्हणून देवाचे आभार. शिवाय याच झुडपांतून संध्याकाळी रोही आणि रानडुकरं रस्त्यावर येतात. बाइकवाल्यासमोर रोही आडवं येणं म्हणजे काय, ते आमच्याकडच्या कुणालाही विचारा.

दुसरं बेशरम. फिकट जांभळी, भोंग्यासारखी फुलं. नालीत, ओढ्याच्या काठाला, जिथे पाणी तिथे हे. मूळ दक्षिण अमेरिकेतलं. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून लोकांनी कुंपणाला लावलं. नाव का बेशरम? कापून फेका, जिथे पडेल तिथे मुळं धरतं. म्हणजे पावसाळ्यात एखादा उत्साही माणूस बेशरम तोडून ओढ्यात टाकून देतो, तेव्हा तो साफसफाई करत नसतो, तो लागवड करत असतो.

या झाडाला आमच्याकडे राजकारणातही मान आहे बरं का. रस्त्यात खड्डे पडले की खड्ड्यात बेशरमाची झाडं लावून आंदोलन करायचं, साहेबांना बेशरमाच्या फुलांचा गुच्छ द्यायचा, ही मराठवाड्या-विदर्भाची खास स्टाइल. आंदोलन संपल्यावर त्या फांद्यांचं काय होतं, हे मात्र कुणी बघत नाही. साहेब बदलून जातात, बेशरम राहतं.

पण थांबा, सगळंच उपटायचं नाही हं!

एके दिवशी सकाळी सकाळी साइडपट्टीवर दोन बायका वाकून काहीतरी खुडत होत्या. म्हटलं, मावशी, काय करायलाव? एकीने ओटीतली कोवळी पानं दाखवली. तरोटा! कोकणातल्या वाचकांनो, तुमचा टाकळा तो आमचा तरोटा. पहिल्या पावसानंतर उगवतो, कोवळा असताना लसूण-मिरची घालून परतला की भाकरीसोबत नुसता स्वर्ग. पुढे शेंगा वाळल्या की त्याचं बीही गोळा करून व्यापाऱ्याला विकतात. ज्या घरात जमीन नाही, त्या घराला साइडपट्टी ही अशी दोन पैसे आणि चार दिवसांची भाजी देते. शेळ्यांचा चारा तर रोजचाच.

आणि फक्त खेड्यातल्यांनाच कशाला, तुम्हालाही देते. हरतालिकेला आणि गणपतीला मंडईत पत्रीचा वाटा विकत घेता ना? त्यातला आघाडा, दूर्वा, धोत्रा, रुई, डोरली, माका हे सगळे कडेकडेनेच उगवणारे. शनिवारी मारुतीला वाहिलेली रुईची माळ आठवा. शहरात जे पैसे मोजून देव्हाऱ्यात जातं, गावाकडे तेच तण म्हणून कापलं जातं.

तेव्हा रस्त्याची कड सिमेंटसारखी गुळगुळीत करून टाकणं हा काही उपाय नाही. मुळं माती धरून ठेवतात म्हणून तर साइडपट्टी पहिल्याच मोठ्या पावसात वाहून जात नाही. प्रश्न गवत असण्याचा नाही. प्रश्न आहे कोणतं गवत, किती उंच आणि कधी.

फवारा मारला की काम खल्लास?

हल्ली सगळ्यांना शॉर्टकट हवा. मजूर मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही, मग पाठीवर पंप घ्यायचा आणि तणनाशक मारून मोकळं व्हायचं. मी राहिले त्या दिवसांत एका रस्त्याच्या कडेला असा फवारा बसलेला पाहिला. आठवडाभरात हिरवी पट्टी पिवळी झाली, मग तपकिरी. कुणी मारला, कुणाच्या सांगण्यावरून मारला, विचारून उत्तर मिळालं नाही. पाटी नाही, दवंडी नाही. मला आठवल्या त्या तरोटा खुडणाऱ्या मावशी. पान पिवळं पडेपर्यंतचे ते पाच-सात दिवस भाजी बाहेरून तशीच ताजी दिसते!

ग्लायफोसेट हे यातलं सगळ्यात प्रसिद्ध नाव. वनस्पतीला वाढीसाठी लागणारी काही अमिनो आम्लं बनवणारं एन्झाइम ते बंद पाडतं. पानावर पडलं की मुळापर्यंत पोचतं, म्हणून झाड पुन्हा फुटत नाही. पण जमिनीत पडलेल्या बियांना ते काहीच करत नाही. म्हणजे आजचं झाड मेलं, पुढच्या पावसाची फौज खाली तयारच. उलट आजूबाजूचं तरोटा, दूर्वा, सगळं मेल्यामुळे त्या फौजेला मैदान मोकळं.

आरोग्याचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं. इतर काही देशांच्या नियामक संस्थांचं मत वेगळं आहे आणि वाद चालू आहे. आपल्याकडे केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून त्याचा वापर फक्त प्रशिक्षित कीड नियंत्रण चालकांमार्फत करण्याचं बंधन घातलं. म्हणजे कुणीही उठावं आणि पंप पाठीला लावावा, हे त्यात बसत नाही. पॅराक्वाट तर त्याहून जालीम. ते पोटात गेलं तर त्यावर खास असा उतारा नाही.

आणि हे सगळं आम्ही पैनगंगेच्या काठावर बसून बोलतोय. २०१७ मध्ये पलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती औषधं वेगळी होती, मान्य. पण पंप तोच, उघडे हात तेच, तोंडाला बांधलेला रुमाल तोच.

मैलकुली नावाचा माणूस

मग पूर्वी ही कड साफ कोण ठेवायचं? उत्तर आमच्या गल्लीतच मिळालं. सत्तरी ओलांडलेले एक आजोबा सार्वजनिक बांधकाम खात्यात मैलकुली होते. नावातच सगळं आलं. रस्त्याच्या ठरलेल्या तुकड्याची जबाबदारी असलेला मजूर. खड्ड्यात गिट्टी भरायची, साइडपट्टीला मुरूम टाकायचा, नाली मोकळी करायची, झुडपं तोडायची, कडेच्या झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लावायचा. रोज त्याच रस्त्यावर. पुढे जुने लोक रिटायर होत गेले, त्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या आणि काम गेलं टेंडरवर.

त्यांना विचारलं, आजोबा, काँग्रेस कधी काढायचात?

“फूल याच्या आत काढाचं, माय. फूल आलं मंग काढलं काय अन् नाही काढलं काय, सारखंच.”

एवढंच बोलून ते तंबाखू मळायला लागले. पण संपूर्ण तणशास्त्र त्या एका वाक्यात आहे.

कसं ते बघा. अमेरिकेतल्या टेक्सास राज्याचं महामार्ग खातं १९३० च्या दशकापासून रस्त्याकडेची रानफुलं जपतं. तिथे वसंतात रस्त्याच्या दोन्ही बाजू निळ्या-केशरी फुलांनी भरून जातात, लोक मुद्दाम गाड्या काढून बघायला जातात. त्यांचं सीक्रेट काय? फुलं येऊन बी पडेपर्यंत गवत कापायचं मशीन तिकडे फिरवायचं नाही. बी पडलं की मग कापायचं. पुढच्या वर्षी फुलं आणखी जास्त.

आता आपल्याकडे बघा. टेंडर निघतं, मंजूर होतं, वर्क ऑर्डर येते आणि कापायला माणसं येतात तोवर पाऊस संपलेला. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आमच्या रस्त्यावर कटर फिरतं ते गाजरगवत फुलून, वाळून, बी पडायला लागल्यावर. कटर त्या बिया झटकतं, पसरवतं. कापलेलं तिथेच टाकून देतात किंवा पेटवून देतात, आणि त्या आगीत कडेची लहान झाडं होरपळतात. म्हणजे टेक्सासवाले जे फुलांसाठी करतात, नेमकं तेच आपण गाजरगवतासाठी करतोय. मशीन तेच, तारीख तीच. फक्त पीक वेगळं!

मैलकुलीला टेंडरची वाट बघावी लागत नव्हती. तो रोज तिथेच असायचा, त्यामुळे कळी कधी धरते हे त्याला दिसायचं. त्याच्याकडे मशीन नव्हतं, खुरपं आणि विळा होता. पण वेळ बरोबर होती. केंद्र सरकारचं २०१५ चं ग्रीन हायवेज धोरण आहे, त्यात महामार्गाच्या प्रकल्पखर्चातला एक टक्का लागवडीसाठी आणि देखभालीसाठी ठेवण्याची तरतूद आहे. झाडं लावण्याचे फोटो आपण पेपरात बघतोच. पण लावण्याइतकंच काढणं हेही काम आहे, आणि तेही कॅलेंडर बघून करायचं काम आहे, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

भुंगा येतो मदतीला

मजुरांशिवाय दुसरी फौजही आहे, आणि ती फुकट आहे. मेक्सिकन भुंगा. १९८३ मध्ये तो मेक्सिकोहून बंगळूरला आणला, तपासण्या करून १९८४ पासून बाहेर सोडला. सहा-एक मिलिमीटरचा, मळकट पांढऱ्या पाठीवर काळपट वळणदार रेघा. हा आणि याच्या अळ्या गाजरगवताची पानं आणि कोवळे शेंडे कुरतडून फस्त करतात. शेंडाच गेला तर फूल कुठून येणार? पावसाळ्यात हा जोरात असतो, नंतर जमिनीत जाऊन झोपतो आणि पुढच्या पावसाला पुन्हा वर.

मधे सूर्यफुलावरही हा भुंगा दिसतो अशा तक्रारी कर्नाटकातून आल्या होत्या, चौकशी समितीही बसली. आमच्या लातूर-धाराशिवकडे सूर्यफूल बरंच व्हायचं, त्यामुळे तिकडे धास्ती वाटणं साहजिक होतं. पण पीक फस्त होईल ही भीती काही खरी ठरली नाही. तेव्हा गाजरगवताच्या पानांना भोकं पडलेली दिसली तर आधी भुंगा आहे का बघा आणि असेल तर त्यावर औषध मारू नका. तो तुमच्याच बाजूने लढतोय.

दुसरा शिपाई आपला तरोटा! गाजरगवताच्या जागी तरोट्याचं बी पावसाच्या आधी फेकलं तर तो दाट उगवून त्याला दाबतो, असं तणशास्त्रज्ञ सांगतात. जबलपूरला तणांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची अख्खी एक संस्था आहे, तिचाही हा सल्ला आहे. म्हणजे मावशींची भाजी हेच औषध. मात्र त्याचा एक परदेशी चुलतभाऊ आहे, पिवळ्या फुलांचाच. तोही गाजरगवताला हटवतो, पण मग स्वतःच ठाण मांडून बसतो आणि गुरंही त्याला तोंड लावत नाहीत. एक भाडेकरू काढायला दुसरा गुंड आणावा, तसलं काम. तेव्हा बी फेकण्याआधी गावातल्या एखाद्या मावशीला दाखवून खात्री करून घ्या. तिला फरक कळतो, गूगलला कळेलच असं नाही.

आणि उपटलेल्या गवताचं काय? फूल यायच्या आत काढलं असेल तर त्याचं चांगलं खत होतं. विटांच्या जाळीदार हौदात कचरा, शेण आणि माती थरावर थर देऊन तीन-चार महिन्यांत खत करायची नाडेप पद्धत ऐकली असेल. ती शोधून काढणारे नारायण देवराव पांढरीपांडे, म्हणजे नाडेप काका, पैनगंगेपलीकडच्या पुसदचे. उपाय असा नदीपलीकडच्या गावातला आहे, आणि आपण मात्र ड्रम कुठल्या कंपनीचा आणायचा यावर चर्चा करतो.

गावी जाताय? मग एवढं करा

• गाजरगवत उघड्या हाताने उपटू नका. हातमोजे, फुल बाह्या, तोंडाला रुमाल. ॲलर्जी असेल तर तुम्ही उपटूच नका, फक्त सुपरव्हिजन करा. (ते आपल्याला ऑफिसात जमतंच!)

• पाऊस पडून गेल्यावर, माती ओली असताना मुळासकट काढा. वरून कापलं तर पुन्हा फुटतं.

• पांढरी फुलं दिसत असतील तर झटकू नका. हळूच काढून पिशवीत भरा. खतात टाकू नका.

• बेशरम तोडलंत तर फांद्या ओढ्यात किंवा नालीत टाकू नका. कोरड्या जागी पसरून पूर्ण वाळू द्या.

• मिठाचं कडक पाणी मारायचा सल्ला मिळेल. गवत मरतं, पण सोबत शेजारची झाडंही मरतात आणि जमीन खारावते. शेताच्या कडेला तरी नकोच.

• वळणावरची आणि फाट्यावरची वेडी बाभूळ आधी. बाकीचं नंतर. जिथे समोरून येणारी गाडी दिसत नाही, तिथे माणसाचा जीव आहे.

• रस्त्याकडेला कुणी फवारणी करत असेल तर थांबून विचारा, काय मारताय आणि पाटी कुठे आहे. आणि आसपासच्या घरांत सांगून या, आठ-पंधरा दिवस इथली भाजी नको, शेळ्या नकोत.

दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात देशभर गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो. शाळेतली पोरं, एनएसएसवाले, कृषी विभागाची माणसं रस्त्यावर उतरतात. चांगलंच आहे. पण तोवर आमच्याकडे पहिल्या पावसाला उगवलेलं गवत फुलून गेलेलं असतं. कारण हे झाड उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलायला लागतं. म्हणजे पाऊस जूनच्या मध्यावर आला तर जुलैची अखेर ही तारीख. जी ग्रामपंचायत, जे खातं, जे मंडळ या तारखेच्या आत हात घालेल, त्याचं काम निम्म्यावर येईल. जे नंतर घालेल, ते पुढच्या वर्षीची पेरणी करेल.

मामाला यंदा पावसाळ्यात हाफ शर्ट घालायचाय. गल्लीतल्या पोरांनी शेताजवळची दोनशे मीटर कड जुलैमध्ये साफ करायचं ठरवलंय. व्हॉट्सॲप ग्रुप झालाय, हातमोज्यांची वर्गणीही जमलीय. आजोबा कळी ओळखायला शिकवणार आहेत, मानधन एक तंबाखूची पुडी. बाकी डेडलाइन पाळणं म्हणजे काय, हे तुम्हा-आम्हाला कुणी सांगायला नको. ही क्लायंटकडून वाढवून मात्र मिळत नाही.